अंश-दिवसांचा हिशेब आणि ईएसपी-३२ बोर्ड : मक्यावरील लष्करी अळीच्या अंदाजासाठी तापमान-नोंदयंत्राची उभारणी

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी अंड्यातून बाहेर पडल्यानंतर पहिले काही दिवस पानाचा हिरवा भाग खरवडून खाते. त्या वेळी पानांवर पांढुरके, पारदर्शक चट्टे दिसतात आणि अळी उघड्यावर असते. पाच टक्के निंबोळी अर्कासारखा सौम्य उपायही या अवस्थेत उपयोगी पडतो. पुढे अळी पोंग्यात शिरते, तोंडाशी विष्ठेचा ओलसर भुसा साचतो आणि त्यानंतर फवारलेला द्रव बहुतांशी पानांवरून ओघळून जातो. अळीच्या सहा अवस्थांपैकी पहिल्या तीन अवस्थांतच व्यवस्थापनाचा खरा वाव असतो. उष्ण हवामानात हा काळ जेमतेम आठवडाभराचा असतो. म्हणून या किडीच्या बाबतीत ‘काय फवारावे’ याच्या इतकाच ‘केव्हा पाहणी करावी’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भारतात या किडीची पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात झाली. त्यानंतर अल्पावधीत ती देशाच्या मका पिकवणाऱ्या बहुतेक राज्यांत पोहोचली. बिहारमधील पूर्णिया-कटिहार पट्ट्यातला रब्बी मका, तेलंगणातील खरीप मका आणि मराठवाड्यातील उन्हाळी चारा-मका ही तिन्ही पिके तिला सारखीच प्रिय. परंतु तिच्या वाढीचा वेग मात्र तिन्ही ठिकाणी सारखा नसतो. कीटकाच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या तापमानावर अवलंबून असते. त्यामुळे त्याची वाढ पंचांगातील दिवसांवर मोजता येत नाही, त्याला मिळालेल्या उष्णतेवर मोजावी लागते. ही कल्पना जुनी आहे. उष्णतेच्या बेरजेचा विचार फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ मध्ये मांडला. तोच गृहस्थ तापमापीच्या एका मापनश्रेणीसाठी आणि कीटकांवरील सहा खंडी ग्रंथासाठीही ओळखला जातो, हा योगायोग कीटकशास्त्राच्या अभ्यासकांना सुखावणारा आहे.

या बेरजेचे एकक म्हणजे अंश-दिवस. ज्या तापमानाखाली किडीची वाढ थांबते ते तिचे किमान उंबरठा तापमान. त्याच्या वर एक अंश सेल्सिअस इतके तापमान पूर्ण दिवसभर राहिले तर एक अंश-दिवस जमा झाला असे मानतात. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार लष्करी अळीसाठी अंड्यापासून पतंगापर्यंतचा उंबरठा १२.५७ अंश सेल्सिअस असून एकूण गरज ३९१.६१ अंश-दिवसांची आहे. अवस्थानिहाय पाहता अंड्यासाठी उंबरठा १३.०१ आणि गरज ३५.६८ अंश-दिवस, अळीसाठी १२.१२ आणि २०४.६०, तर कोषासाठी १३.०६ आणि १५०.५४ असे आकडे त्यांनी दिले आहेत. सरासरी तापमान २६ अंश असेल तर दररोज १३.४३ अंश-दिवस जमा होतात आणि एक पिढी सुमारे २९ दिवसांत पूर्ण होते. तेच तापमान २१ अंश असेल तर त्याच पिढीला ४६ ते ४७ दिवस लागतात.

हिशेब सोपा आहे; अडचण तापमानाची आहे. वेधशाळा अनेकदा कित्येक किलोमीटर दूर असते आणि शेतातील तापमान, विशेषतः ओलिताखालील शेतातले, तिच्याशी जुळेलच असे नाही. शेतातच तापमान नोंदवणारे उपकरण आज काहीशे रुपयांच्या सामग्रीत उभारता येते. मायक्रोकंट्रोलर बोर्डाची भीती वाटण्याचे कारण नाही. बोर्ड चालू करणे हे एका दुपारचे काम आहे. काळजी घ्यावी लागते ती वेगळ्याच गोष्टीची. असे उपकरण बंद पडले तर ते लगेच कळते. पण ते चुकीचे, तरीही पटण्याजोगे आकडे देऊ लागले तर हंगाम संपेपर्यंत कोणालाही कळत नाही. पुढील विवेचनात उभारणीच्या पायऱ्यांबरोबर या दुसऱ्या धोक्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

सामग्रीची निवड

या कामासाठी ईएसपी-३२ हा मायक्रोकंट्रोलर असलेला साधा डेव्हलपमेंट बोर्ड पुरेसा आहे. एस्प्रेसिफ या चिनी कंपनीने २०१६ मध्ये बाजारात आणलेल्या या चिपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहेत. आपल्या कामासाठी मात्र तिचा मोठा गुण वेगळा आहे : ती गाढ झोपेत जाऊ शकते आणि ठरावीक वेळेने स्वतःच जागी होते. ३० किंवा ३८ पिनांचा कोणताही प्रचलित बोर्ड चालतो.

तापमानाच्या सेन्सरबाबत मात्र काटकसर करू नये. शिकाऊ संचांत हमखास मिळणारा निळ्या रंगाचा डीएचटी११ हा सेन्सर २ अंशांपर्यंत चुकू शकतो. २६ अंशांच्या जागी तो २८ दाखवू लागला तर रोजचे अंश-दिवस १३.४३ ऐवजी १५.४३ होतात आणि पिढी २९ ऐवजी २५ दिवसांत संपेल असा अंदाज येतो. जी कीड पोंग्याबाहेर जेमतेम आठवडाभर राहते, तिच्यासाठी चार दिवसांची चूक म्हणजे पाहणीची फेरीच वाया जाण्यासारखे आहे. त्याऐवजी पोलादी नळीत बंद केलेला, जलरोधक डीएस१८बी२० हा प्रोब घ्यावा. उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान त्याची ग्राह्य चूक अर्ध्या अंशाची आहे. या सेन्सरच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून पुढे सांगितलेली बर्फाची चाचणी टाळू नये. असे दोन प्रोब लागतील. दुसरा कशासाठी, ते यथावकाश येईल.

याखेरीज ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल, ६ व्होल्ट व ४.५ अँपिअर-तास क्षमतेची बंद लेड-अॅसिड बॅटरी, प्लास्टिकचा जलरोधक डबा आणि जोडणीच्या तारा इतकेच साहित्य हवे.

बोर्ड संगणकाला जोडताना

प्रोग्रॅम लिहिण्यासाठी आर्डुइनो आयडीई हे विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकावर बसवावे. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये अतिरिक्त बोर्डांच्या पत्त्यासाठी एक रकाना असतो. त्यात एस्प्रेसिफने आपल्या अधिकृत माहितीपुस्तिकेत दिलेला पत्ता भरावा आणि मग बोर्ड्स मॅनेजरमध्ये ईएसपी-३२ असा शोध घ्यावा. तेथे दोन सारख्या नावांची पॅकेजे दिसतात. त्यांपैकी एक आर्डुइनोच्या स्वतःच्या नॅनो बोर्डासाठी आहे. आपल्याला एस्प्रेसिफ सिस्टिम्स यांच्या नावाचे पॅकेज हवे. डाउनलोड मोठे असल्याने इंटरनेट मंद असलेल्या ठिकाणी हे काम आधीच करून ठेवावे. त्यानंतर बोर्डांच्या यादीतून ‘ईएसपी३२ डेव्ह मॉड्यूल’ निवडावे.

बोर्ड यूएसबी केबलने जोडूनही संगणकात पोर्ट दिसत नसेल तर प्रथम केबल बदलून पाहावी. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या कित्येक केबलींमध्ये केवळ विजेच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, त्यामुळे केबल ठीक आहे असा समज होतो आणि अर्धा दिवस ड्रायव्हर शोधण्यात जातो. केबल बदलूनही पोर्ट न दिसल्यास मात्र बोर्डावरील यूएसबी चिपचे नाव पाहून, बहुधा सीपी२१०२ किंवा सीएच३४०, तिचा ड्रायव्हर बसवावा. प्रोग्रॅम चढवताना ‘कनेक्टिंग’ या शब्दापुढे नुसती टिंबे वाढत गेली, तर बोर्डावरील ‘बूट’ हे बटण दाबून धरावे आणि चढवणे सुरू झाल्यावर सोडावे.

पहिली चाचणी म्हणून दिवा लुकलुकवण्याचा प्रघात आहे. परंतु प्रोग्रॅमने चालू-बंद करता येणारा दिवा प्रत्येक बोर्डावर नसतो. त्यापेक्षा दर सेकंदाला एक वाढता आकडा सीरियल मॉनिटरवर छापणारा चार ओळींचा प्रोग्रॅम चढवावा. प्रोग्रॅममधील आणि मॉनिटरवरील वेग दोन्हीकडे ११५२०० ठेवावा. ते वेगळे असतील तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. आकडे नीट दिसू लागले की बोर्ड तयार आहे असे समजावे.

जोडणी

ईएसपी-३२ हा ३.३ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या पिनांना ५ व्होल्ट सहन होत नाहीत, ही एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. ६ ते ११ क्रमांकाच्या पिना चिपच्या स्वतःच्या स्मृतीसाठी गुंतलेल्या असतात. त्यांना हात लावू नये. ३४ ते ३९ या केवळ इनपुटसाठी आहेत. १२ क्रमांकाची पिन बोर्ड सुरू होण्याच्या क्षणी उच्च पातळीवर असेल तर बोर्ड सुरूच होत नाही, म्हणून तीही टाळावी.

दोन्ही प्रोबची लाल तार ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला आणि पिवळी ४ क्रमांकाच्या पिनेला जोडावी. तारांचे रंग विक्रेत्यागणिक बदलू शकतात, तेव्हा सोबतचा कागद पाहावा. पिवळी तार आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. दोन प्रोब असले तरी तो एकच. दोन्ही सेन्सर एकाच तारेवर बोलतात, कारण प्रत्येकाला कारखान्यातच ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. घड्याळाचे मॉड्यूल २१ आणि २२ या पिनांना जोडावे आणि त्यालाही ३.३ व्होल्टच द्यावेत. या मॉड्यूलच्या प्रचलित प्रकारात बॅटरी चार्ज करणारे मंडल असते. ५ व्होल्ट दिल्यास ते पुन्हा चार्ज न होणाऱ्या नाणे-बॅटरीत वीज ढकलत राहते, जे घातक आहे.

प्रोग्रॅम काय करतो

वनवायर आणि डॅलस टेम्परेचर या दोन तयार लायब्ररी सेन्सरसाठी, तर घड्याळासाठी डीएस३२३१ ची कोणतीही प्रचलित लायब्ररी घ्यावी. प्रोग्रॅमचा क्रम असा ठेवावा : जागे होणे, घड्याळातून तारीख-वेळ वाचणे, दोन्ही सेन्सरना मोजणीचा आदेश देऊन ७५० मिलिसेकंद थांबणे, दोन्ही तापमाने वाचणे, त्यांची तपासणी करणे, एक ओळ फाइलमध्ये लिहून फाइल बंद करणे आणि पंधरा मिनिटे झोपणे. फाइल बोर्डाच्याच स्मृतीत लिटलएफएस या पद्धतीने ठेवता येते. दिवसाच्या ९६ ओळी, प्रत्येकी सुमारे २५ अक्षरांच्या, असा हिशेब केला तर १२० दिवसांच्या पिकासाठी ३०० किलोबाइटही लागत नाहीत.

गाढ झोपेविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. जागा झाल्यावर बोर्ड प्रोग्रॅमच्या थांबलेल्या जागेवरून पुढे जात नाही. तो पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होतो आणि साध्या चलांतील मजकूर पुसला गेलेला असतो. यातून एक गमतीशीर पण महागडी चूक घडते. घड्याळ पहिल्यांदा लावण्यासाठी ‘प्रोग्रॅम तयार झाल्याची वेळ घड्याळात भर’ अशी एक ओळ लिहावी लागते. वेळ लावून झाल्यावर ती काढली नाही, तर बोर्ड दर पंधरा मिनिटांनी जागा होऊन घड्याळ पुन्हा त्याच क्षणाला नेऊन ठेवतो. दहा दिवसांनी फाइल उघडावी तर सगळ्या नोंदी एकाच वेळेच्या! म्हणून वेळ लावण्याचा प्रोग्रॅम वेगळा ठेवावा आणि तो एकदाच चालवावा. घड्याळ स्वतः उत्तम आहे; ० ते ४० अंशांत ते वर्षाला सुमारे एका मिनिटापेक्षा अधिक चुकत नाही. ईएसपी-३२ च्या अंतर्गत घड्याळावर विसंबू नये, झोपेत ते तापमानानुसार भरकटते.

झोपेचा कालावधी मायक्रोसेकंदांत द्यावा लागतो. पंधरा मिनिटांचे ९० कोटी मायक्रोसेकंद होतात. कोणी नोंदीचे अंतर वाढवून तासाचे केले तर ३६० कोटी ही संख्या लागते. ३२ बिटांच्या साध्या पूर्णांकात २१४ कोटींच्या आसपासच मर्यादा संपते, त्यामुळे गुणाकार तेथेच बिघडतो. अशा वेळी ६४ बिटांचा प्रकार वापरावा.

नोंदी परत घेण्याची सोय आधीच करावी. २७ क्रमांकाची पिन तारेने ग्राउंडला जोडलेली असेल तर मोजणीऐवजी संपूर्ण फाइल सीरियल मॉनिटरवर छापावी, इतकी अट प्रोग्रॅमच्या सुरुवातीला पुरते. नोंदी वाचण्यासाठी बोर्डावर दुसरा प्रोग्रॅम चढवण्याचा मार्ग धोक्याचा आहे. आयडीईत ‘चढवण्यापूर्वी सर्व फ्लॅश पुसा’ हा पर्याय चुकून चालू राहिला असेल तर हंगामाच्या नोंदी एका क्षणात जातात.

खोटे, पण पटणारे आकडे

डीएस१८बी२० चा एक स्वभाव अभ्यासकाने जाणून घ्यायलाच हवा. त्याला वीज मिळताच त्याच्या स्मृतीत ८५ अंश हा आकडा असतो. मोजणी पूर्ण होण्याआधी वाचले किंवा मध्येच वीज तुटली, तर तो प्रामाणिकपणे ८५ सांगतो. आणि सेन्सरशी संपर्कच झाला नाही तर लायब्ररी उणे १२७ हा आकडा देते. हे दोन्ही आकडे फाइलमध्ये पाहणाऱ्याला लगेच खटकतात. पण फाइल कोणी पाहतच नाही, थेट अंश-दिवसांची बेरीज पाहते, ही खरी अडचण आहे.

पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून बेरीज करताना एका ८५ मुळे (८५ − १२.५७) ÷ ९६, म्हणजे ०.७५ अंश-दिवस वाढतात. दिवसात अशा दहा नोंदी झाल्या तर साडेसात अंश-दिवस, म्हणजे २६ अंश सरासरीच्या दिवसाच्या निम्म्याहून अधिक उष्णता, हवेतून निर्माण होते. कमाल-किमान पद्धतीने हिशेब केला तर आणखी वाईट : किमान २० असलेल्या दिवशी एकच ८५ आला, तर त्या दिवसाचे जवळजवळ ४० अंश-दिवस मोजले जातात, सुमारे तीन दिवसांचे एकदम! उणे १२७ ची गत उलट आहे. उंबरठ्याखालील तापमान शून्य मानण्याचा नियम असल्याने ही चूक बेरजेत शून्य बनून गुपचूप दडून बसते. तार कुरतडली गेलेली असते आणि कागदावर मात्र कीड थंडीने गारठलेली दिसते.

त्यामुळे तपासणीच्या पायरीवर हे दोन आकडे आणि उणे ५ ते ६५ अंशांच्या बाहेरील प्रत्येक मापन नाकारावे, एकदा पुन्हा मोजावे आणि तरीही सुधारणा न झाल्यास त्या रकान्यात काहीच लिहू नये. रिकामा रकाना आणि शून्य यांत हिशेबाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. लायब्ररीत सेन्सरना ‘पहिला’, ‘दुसरा’ असे अनुक्रमाने वाचण्याची सोय आहे आणि बहुतेक नमुना प्रोग्रॅम तीच वापरतात. हा अनुक्रम जागेवर अवलंबून नसतो, ६४ बिटांच्या क्रमांकांवरून ठरतो. हवेतला प्रोब निकामी झाला की जमिनीतला प्रोब आपोआप ‘पहिला’ होतो आणि हवेच्या रकान्यात मातीचे तापमान उतरू लागते. दोन्ही आकडे विश्वसनीय दिसतात, त्यामुळे वरची कोणतीही तपासणी त्यांना अडवत नाही. म्हणून दोन्ही प्रोब एकेकटे जोडून त्यांचे क्रमांक आधी वाचून घ्यावेत, प्रोबच्या तारेला चिठ्ठी लावावी आणि प्रोग्रॅममध्ये क्रमांकानेच हाक मारावी.

शेतात नेण्यापूर्वी बर्फाची चाचणी करावी. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक फोडून थर्मासमध्ये भरावा, फटी भरतील इतकेच थंड पाणी घालावे आणि दोन्ही प्रोब मध्यभागी धरून दहा मिनिटे थांबावे. अपेक्षित उत्तर शून्य. एखादा प्रोब ०.४ दाखवत असेल तर ती तफावत नोंदवून ठेवता येते; २ किंवा ३ दाखवत असेल तर तो प्रोब बाद करावा. त्यानंतर ३० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात प्रयोगशाळेतील तापमापीशी तुलना करावी. किडीच्या वाढीचे बरेचसे गणित याच पट्ट्यात घडते.

प्रोब कोठे ठेवावा

हवेच्या प्रोबवर ऊन पडता कामा नये आणि तो बोर्डाच्या डब्यातही असू नये. बंद डबा दुपारी भट्टीसारखा तापतो आणि आतला सेन्सर डब्याचे तापमान इमाने-इतबारे नोंदवत राहतो. वेधशाळांमध्ये तापमापी जाळीदार, पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर ठेवण्याचा जागतिक हवामान संघटनेचा दंडक आहे. शेतात कुंड्यांखाली ठेवायच्या सहा-सात पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा उपड्या, एकीवर एक, मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर फट ठेवून सळ्यांवर ओवल्या तर बऱ्यापैकी पर्याय मिळतो. वारा पडलेल्या कडक उन्हात अशी छत्री थोडे अधिक तापमान दाखवते. म्हणून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा विद्यापीठाच्या वेधशाळेशेजारी हे यंत्र आठवडाभर ठेवून तफावत पाहणे इष्ट.

आता दुसऱ्या प्रोबचे कारण. लष्करी अळी पूर्ण वाढली की पोंगा सोडून जमिनीत उतरते आणि साधारण २ ते ८ सेंटिमीटर खोलीवर कोषावस्थेत जाते. तिच्या आयुष्यातील हे १५०.५४ अंश-दिवस हवेत जमा होत नाहीत, मातीत जमा होतात. ओलित केलेल्या, पानांनी झाकलेल्या शेतात पाच सेंटिमीटरवरची माती दुपारी हवेपेक्षा थंड आणि पहाटे उबदार असते. पेरणीनंतरच्या उघड्या, कोरड्या जमिनीत दुपारचे चित्र नेमके उलटे. केवळ हवेच्या तापमानावरून पतंग बाहेर पडण्याचा दिवस काढला तर तो चुकण्याचे हे एक सरळ कारण आहे. म्हणून दुसरा प्रोब दोन ओळींच्या मध्ये, पाच सेंटिमीटर खोल, आडवा पुरावा. बांधावर पुरू नये. बांधाची माती शेतासारखी भिजत नाही.

तारा पीव्हीसी नळीतून न्याव्यात, उंदीर त्या सोडत नाहीत. डब्याची छिद्रे सिलिकॉनने बंद करावीत. कीड मोजायला ठेवलेल्या डब्यात मुंग्यांनी वारूळ थाटल्याचे दृश्य दिसणे, हे कीटकशास्त्राच्या कोणत्याही विभागात आश्चर्याचे राहिलेले नाही.

विजेची सोय

गाढ झोपेत ईएसपी-३२ ची चिप सुमारे १० मायक्रोअँपिअर इतकीच वीज घेते. हा आकडा वाचून अनेकांना वाटते की लहानशी बॅटरी वर्षभर पुरेल. परंतु डेव्हलपमेंट बोर्डावरील व्होल्टेज नियामक, यूएसबी चिप आणि लाल दिवा झोपत नाहीत. ते मिळून कित्येक मिलिअँपिअर खात राहतात. सरासरी १० मिलिअँपिअर धरले तर ४.५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ४५० तास, म्हणजे अठरा-एकोणीस दिवस चालते. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते, तेव्हा दर दहा दिवसांनी ती बदलावी आणि त्याच फेरीत नोंदी उतरवाव्यात. बॅटरीची धन बाजू बोर्डाच्या ५ व्होल्ट किंवा व्हीआयएन लिहिलेल्या पिनेला जोडावी, ३.३ व्होल्टच्या पिनेला कदापि नाही. यूएसबी केबल लावण्यापूर्वी बॅटरी काढावी. मोबाइलची पॉवर बँक या कामाला सहसा निरुपयोगी ठरते : बोर्ड झोपला की ती भार नाही असे समजून स्वतःच बंद होते.

वायफाय मुद्दाम वापरलेले नाही. त्याने विजेचा खर्च अनेक पटींनी वाढतो आणि दहा दिवसांनी शेतात जावेच लागते, तेव्हा नोंदी हातानेच आणलेल्या बऱ्या. शिवाय त्या निमित्ताने पिकाची पाहणी होते.

बेरीज आणि तिचा ताळा

अंश-दिवसांची बेरीज बोर्डाकडून करून घेण्याचा मोह टाळावा. बोर्डाने केवळ मूळ तापमाने ठेवावीत. उंबरठ्याचे आकडे पुढे बदलले, प्रोबची तफावत नंतर लक्षात आली, तर मूळ नोंदींवरून पुन्हा हिशेब करता येतो. नुसती बेरीज हाती असेल तर काहीच करता येत नाही.

संगणकावर प्रत्येक नोंदीतून त्या अवस्थेचा उंबरठा वजा करावा, उत्तर ऋण आल्यास शून्य धरावे, सर्वांची बेरीज करून ९६ ने भागावे. काही नोंदी रिकाम्या असतील तर जितक्या उपलब्ध आहेत तितक्यांनी भागावे, आणि दिवसातील चतुर्थांशाहून अधिक नोंदी नसतील तर तो दिवस वेधशाळेच्या आकड्यांवरून भरून तशी खूण करावी. कमाल आणि किमान यांची सरासरी घेण्याच्या परिचित पद्धतीपेक्षा ही पद्धत रब्बीत विशेष उपयोगी आहे. समजा, कमाल २८ आणि किमान ८ अंशांचा दिवस आहे. सरासरी १८, उंबरठा १२.५७ वजा केल्यास ५.४३ अंश-दिवस. तापमान दिवसभर नियमित लयीत चढते-उतरते असे धरून उंबरठ्यावरील भागच मोजला, तर उत्तर ६.३८ येते, कारण पहाटेच्या गारठ्यात वाढ थांबते, उलटी फिरत नाही. असेच दिवस सलग राहिले तर एका हिशेबाने पिढी ७२ दिवसांत, तर दुसऱ्याने ६१ दिवसांत पूर्ण होते. रब्बी मक्यात अकरा दिवसांचा हा फरक लहान नव्हे. भर उन्हाळ्यात उलट सावधगिरी हवी. ३० अंशांच्या वर वाढीचा वेग तापमानाच्या सरळ प्रमाणात राहत नाही, तेव्हा एप्रिल-मेमधील बेरीज किडीला प्रत्यक्षापेक्षा पुढे गेलेली दाखवते.

मोजणीचा प्रारंभ पेरणीपासून करू नये. कामगंध सापळ्यात सलग पतंग येऊ लागल्यावर शेतात अंडीपुंज शोधावेत आणि पहिला ताजा अंडीपुंज दिसलेला दिवस आरंभदिन मानावा. तेथून हवेच्या प्रोबवर ३५.६८ अंश-दिवस पूर्ण होताच अंडी फुटण्याची अपेक्षा धरून पाहणी सुरू करावी. २६ अंशांच्या सरासरीत हे तिसऱ्या दिवशी घडते. त्यानंतर १२.१२ च्या उंबरठ्याने अळीचे अंश-दिवस मोजावेत. ते २०४.६० च्या जवळ आले की हिशेब मातीच्या प्रोबकडे वळवावा. कोषाचे १५०.५४ पूर्ण होण्याच्या सुमारास सापळ्यांतील पतंगांची संख्या पुन्हा वाढली पाहिजे. ती दोन-तीन दिवसांच्या फरकाने वाढली तर यंत्र आणि हिशेब दोन्ही ठीक चालले आहेत असे मानता येते. आठवड्याचा फरक पडला, तर फवारणीच्या सल्ल्यात बदल करण्यापूर्वी फाइल उघडून कच्च्या नोंदी डोळ्यांखालून घालाव्यात, मातीचा प्रोब उकरून त्याची खोली मोजावी आणि दोन्ही प्रोब पुन्हा बर्फात घालून पाहावेत.